टोपी, 'तू' आणि पाय

ओट्सच्या डब्यावर एक टोपीवाला म्हातारा असतो. गोबरे गाल, पांढरे केस, डोक्यावर रुंद काठाची टोपी. सासऱ्यांना डॉक्टरांनी सकाळी ओट्स खायला सांगितले, तेव्हापासून तो आमच्या ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी मुक्कामाला आहे. पाच-सहा वर्षं मी त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. मग एकदा सेवाग्रामच्या नई तालीमवरचा एक इंग्रजी लेख अनुवादाला आला. गांधीजींच्या मागे तिथे शिक्षक घडवण्याचं काम केलेल्या मार्जोरी साईक्स यांचा त्यात उल्लेख होता, आणि नावाआधी एकच विशेषण होतं, 'क्वेकर'. शब्दकोश म्हणाला, 'थरथरणारा'. सेवाग्रामात थरथरणारी बाई काय करत होती, ते काही उलगडेना.

उलगडायला बसले आणि त्यातच अडकले. क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ निघाला. आमच्या डब्यावरही तेच नाव, पण त्यावरच्या म्हाताऱ्याचा त्या पंथाशी संबंध नाही एवढं लगेच कळलं. सचोटीची खूण म्हणून कंपनीने नुसतं नाव उचललं होतं. टोपीचा मात्र संबंध आहे, आणि चांगला घसघशीत आहे. ती न काढण्यापायी सतराव्या शतकातल्या इंग्लंडात माणसं तुरुंगात गेली, आणि कित्येकांनी घरच्यांचा मार खाल्ला.

मी पोटासाठी लोकांची पुस्तकं नीट करते. संपादन म्हणा, मुद्रितशोधन म्हणा. बहुतेक वेळा दोन्ही. वाक्यं सरळ करायची, काने-मात्रे पाहायचे, कुणाचं मन दुखावेल असं काही असेल तर लेखकाला हळूच विचारायचं, 'हे ठेवायचंय का?' त्यामुळे क्वेकरांच्या गोष्टीत मला शिरावंसं वाटलं ते धर्मापायी नाही. त्या गोष्टीत माझ्याच धंद्यातला एक माणूस आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी 'तू'बद्दल.

तेव्हाच्या इंग्रजीत एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यू' असा सरळ हिशेब होता. पण मोठा माणूस एकटा असला तरी त्याला 'यू' म्हणायचं. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात याला आदरार्थी बहुवचन म्हणतात, आणि इंग्रजांना ते ठाऊकच नव्हतं अशी माझी इतके दिवस समजूत. 'दाऊ' मग उरलं कुणाला? देवाला, जिव्हाळ्याच्या माणसाला आणि चाकराला. मराठीतल्या 'तू'चेही पत्ते हेच तीन. विठ्ठलाला तू, आईला तू, आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईला, ती वयाने आपल्या आईएवढी असली तरी, पुष्कळ घरांत तू.

जॉर्ज फॉक्सने हा हिशेब मोडला. लेस्टरशर परगण्यातल्या एका विणकराचा हा मुलगा, जन्म १६२४. जोडे करणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून निघाला, कारण धर्म सांगणारी माणसं आणि त्यांचं वागणं यांचा त्याला मेळ लागेना. एका वृद्ध पाद्र्याला आपली घालमेल सांगितली, तर त्याने तंबाखू ओढ आणि स्तोत्रं म्हण असा सल्ला दिला. फॉक्स लिहितो की तंबाखू मला आवडत नव्हती आणि स्तोत्रं म्हणण्याजोगी माझी अवस्था नव्हती. दुसरा एक जण बागेत फिरता फिरता त्याच्याशी मोठ्या ज्ञानाचं बोलत होता. वळताना फॉक्सचा पाय फुलांच्या वाफ्यात पडला, तर घराला आग लागल्यासारखा खवळला. या दोन हकिकती वाचल्या आणि मला फॉक्स आवडून गेला. इतकं नेमकं ज्याला आठवतं, तो लेखक असतो.

१६४७च्या सुमारास त्याला आतून आवाज आला की तुझ्या अवस्थेशी बोलू शकेल असा एकच आहे, ख्रिस्त. म्हणजे मध्ये पाद्री नको, विद्यापीठाची पदवी नको, देऊळ नको. चर्चच्या इमारतीला तो 'शिखराचं घर' म्हणायचा, चर्च म्हणायचाच नाही. प्रत्येकाच्या आत उजेड आहे, आणि तो राजातही तेवढाच आणि मोलकरणीतही तेवढाच. मग राजाला 'यू' आणि मोलकरणीला 'दाऊ' कशासाठी? टोपी तरी कुणासमोर काढायची? देवासमोर, प्रार्थनेच्या वेळी. माणसासमोर नाही. न्यायाधीश समोर बसलेला असला तरी नाही. १६५० साली डर्बीच्या न्यायाधीशाला त्याने देवाच्या शब्दापुढे थरथर काप असं बजावलं, तेव्हा त्याने चिडून याला 'क्वेकर' म्हटलं. शिवी चिकटली. हे लोक स्वतःला मात्र 'मित्र' म्हणवत.

त्यांनी या 'तू'साठी एक जाडजूड पुस्तकच काढलं, १६६० साली. आपल्याकडच्या बाराखडीच्या पाटीसारखी तिकडे मुठीची पाटी असे, पोरांना अक्षरं शिकवायची. तिचंच नाव पुस्तकाला दिलं, आणि पानांवर चित्रंही त्याच पाट्यांची. पंडितांनो, तुम्हाला एकवचन-बहुवचन कळत नाही, बसा शाळेत, असा सगळा आविर्भाव. लॅटिन, ग्रीक, हिब्रूपासून कितीतरी भाषांचे दाखले देऊन सिद्ध केलंय की एकाला 'तू' हेच खरं, आणि एकाला बहुवचन लावण्याची खोड पोप आणि बादशहांच्या खुशामतीतून आली. फॉक्सला यातल्या बहुतेक भाषा येत नव्हत्या. ते कष्ट जॉन स्टब्ज आणि बेंजामिन फर्ली यांचे. मराठीपर्यंत त्यांचे हात पोचले नाहीत हे बरं झालं. तू, तुम्ही, आपण, शिवाय नवऱ्याला नुसतं 'अहो', एवढं बघून त्यांनी दुसरा खंड काढला असता. वारांची नावंही देवदेवतांवरून पडलेली म्हणून त्यांना चालत नसत. रविवार 'पहिला दिवस', सोमवार 'दुसरा दिवस'. आपले सातही वार त्या हिशेबाने बाद.

आता तो माझ्या धंद्यातला माणूस. थॉमस एलवुड, ऑक्सफर्डशरमधल्या क्रोवेल गावचा, जन्म १६३९. बाप जमीनदार आणि न्यायदंडाधिकारी. विशीत हा मुलगा ओळखीच्या एका क्वेकर कुटुंबाकडे गेला, तिथली सभा ऐकली, आणि घरी आला तो डोक्यावर टोपी ठेवूनच बापासमोर उभा राहिला. बापाने दोन्ही मुठींनी मारलं, टोपी ओढून फेकली. दुसऱ्या टोपीचंही तेच झालं. शेवटी काळ्या मखमलीची एक कानटोपी उरली होती, तीही गेली. मग हिवाळाभर पोरगा उघड्या डोक्याने घरात कोंडून. पण टोपी संपली तरी तोंड होतं. बापाशी बोलायची वेळ आली की तो 'दाऊ' म्हणे. बाप म्हणाला, पुन्हा मला 'दाऊ' म्हणालास तर दात घशात घालीन.

हे सगळं एलवुडने स्वतःच्या आयुष्याच्या हकिकतीत लिहून ठेवलंय, आणि इतकं सरळ की बापाचाही राग येत नाही. त्याचा मुलगा हातचा चालला होता, आणि पुरावा होता एक सर्वनाम.

आमच्याकडे हा प्रसंग जरा मवाळ झाला. मुलगी दहा वर्षांची. बाबाला ती 'तू' म्हणते, तिच्या वर्गातल्या सगळ्याच म्हणतात. एका सकाळी म्हणाली, "आजोबा, माझी पेन्सिल तू घेतलीस का रे?" सासऱ्यांनी ओट्सचा चमचा वाटीत ठेवला. तिला काही बोलले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "शाळेत मराठी शिकवतात ना अजून?" मला आधी हसू आलं, मग आलं नाही. माझ्या आईने माझ्या बाबांना एकेचाळीस वर्षांत एकदाही एकवचनात हाक मारली नाही, आणि बाबा तिला तू-तूच करायचे. त्यात प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. सारखेपणा नव्हता. पण आजोबांना 'तू' म्हटल्याने तो आला असता का? मुलीला तर फक्त पेन्सिल हवी होती.

मार्गारेट फेलकडे यायला हवं, कारण 'तू'चं खरं वजन मला तिथे कळलं. १६५२ सालचा जून. वायव्येकडच्या अल्व्हर्स्टन गावच्या चर्चमध्ये स्तोत्र चाललंय. फेलबाई न्यायाधीशाची बायको, स्वार्थमूर हॉल या मोठ्या घरची मालकीण, घराण्यासाठी राखलेल्या बाकावर बसलेली. फॉक्स आत येतो, बोलायची परवानगी मागतो आणि एका बाकावर चढून बोलू लागतो. त्याच्या भाषणातलं एक वाक्य तिने पुढे कितीतरी वर्षांनी लिहून ठेवलं. "तुम्ही म्हणाल, ख्रिस्त असं सांगतो आणि प्रेषित तसं सांगतात, पण तू काय सांगशील?"

वाक्याच्या मध्यावर तो अनेकवचनावरून एकवचनावर उतरला. पहिला भाग सगळ्या सभेला आणि दुसरा एकेकाला, नाव न घेता. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे 'यू' येतं, म्हणून ही वळणाची जागा त्यांना आता दिसतही नाही. मराठीत ती आपोआप उतरते. माझ्या आयुष्यात इंग्रजीतून मराठीत येताना काही गळायच्या ऐवजी परत मिळालं असं हे एकच वाक्य. फेलबाई बाकावर कोसळली आणि रडत म्हणाली, आम्ही सगळे चोर आहोत, शास्त्रातले शब्द उचलले आणि आतलं काहीच ठाऊक नाही.

नंतर स्वार्थमूर हॉल हे चळवळीचं घर झालं. पत्रं तिथे येत, तिथून जात, पैसे जमत, तुरुंगातल्यांना पोचते होत. नवरा पंथात कधी आला नाही, पण सभा चालायची त्याच्या शेजारच्या खोलीत तो दार उघडं टाकून बसे म्हणतात. तो गेल्यावर संरक्षणही गेलं. लँकेस्टरच्या तुरुंगात असताना तिने १६६६ साली स्त्रियांनी धर्मसभेत बोलण्याच्या बाजूने पुस्तिका लिहिली, आणि बायबलमधल्या पौलाच्या 'स्त्रियांनी गप्प राहावं' या वाक्याचा तिने काढलेला अर्थ वाचताना वाटतं, ही बाई आज चांगली वकील झाली असती. १६६९ साली तिने फॉक्सशी लग्न केलं. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी.

सुरुवातीच्या दहा-बारा वर्षांत या लोकांनी छापलं किती! चोपड्या, पत्रं, इशारे, उत्तरं, उत्तरांना उत्तरं. लंडनमध्ये सेंट पॉलच्या आसपास छापणाऱ्यांची दुकानं होती. त्यातला जाइल्स कॅल्व्हर्ट त्यांचं बरंच छापी. भांडणं शिवराळ, मथळे अर्ध्या पानाचे. जॉन बन्यन तेव्हा बेडफर्डचा एक कल्हईवाला. त्याने आयुष्यातलं पहिलं पुस्तक १६५६ साली काढलं ते क्वेकरांविरुद्ध. हे लोक आतल्या ख्रिस्ताचं एवढं स्तोम माजवतात की जेरुसलेमबाहेर हाडामांसाचा जो मेला त्याला विसरतात, असा त्याचा आक्षेप. तेवीस वर्षांच्या एडवर्ड बरोने लगेच उत्तर छापलं, बन्यनने त्याला उत्तर, बरोने पुन्हा. बरो पुढे न्यूगेटच्या तुरुंगात तिशीही न गाठता गेला. बन्यन बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं. १६७२ साली क्वेकर जॉर्ज व्हाइटहेडने खटपट करून राजाकडून जवळजवळ पाचशे कैद्यांची माफी मिळवली. त्या यादीत बहुतेक क्वेकर, आणि त्यांच्यातच बन्यनचंही नाव. सोडताना त्यांनी त्याच्या जुन्या पुस्तकांचा विषय काढला नाही.

जेम्स नेलरवर मात्र रेंगाळावंच लागेल. यॉर्कशरचा शेतकरी, पार्लमेंटच्या फौजेत काही वर्षं काढलेला, फॉक्सहून सहा वर्षांनी मोठा. बोलण्यात आणि लिहिण्यात त्या पिढीत त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. लंडनमध्ये लोक त्यालाच पंथाचा म्होरक्या समजू लागले होते. भोवती काही माणसं जमली, त्यात मार्था सिमंड्स पुढे. ती छापणाऱ्या कॅल्व्हर्टची बहीण, आणि स्वतःही पुस्तिका लिहिणारी. ऑक्टोबर १६५६. धो धो पाऊस, गुडघाभर चिखल. ब्रिस्टल शहरात नेलर घोड्यावर बसून शिरतो, बायका लगाम धरून 'पवित्र, पवित्र, पवित्र' गातायत, आणि पुढे एक माणूस चाललाय, उघड्या डोक्याने. न्यायाधीशापुढे ज्या टोप्या निघाल्या नाहीत त्यातली एक इथे निघाली होती. येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाचं हे सोंग, की सांगणं? नेलर म्हणाला, ही एक खूण आहे. मान मला नाही, माझ्या आतल्याला.

पार्लमेंटने बाकीची कामं बाजूला ठेवून डिसेंबरात कितीतरी दिवस या एका माणसावर चर्चा केली. फाशी द्यावी की नाही यावर मतं पडली ९६ विरुद्ध ८२. चौदा मतांनी जीव वाचला. मग शिक्षा. शहरातून चाबकाचे ३१० फटके. खोड्यात उभं करून तापलेल्या सळईने जिभेला आरपार भोक. कपाळावर ईश्वरनिंदेचं अक्षर डागायचं. ब्रिस्टलला नेऊन घोड्यावर शेपटीकडे तोंड करून पुन्हा धिंड. त्यानंतर एकांत, सक्तमजुरी, आणि दौत-लेखणी-कागद बंद. जिभेपाठोपाठ लेखणीचीही आठवण ठेवली त्यांनी. शिक्षेच्या वेळी लंडनचा एक व्यापारी, रॉबर्ट रिच, सगळा वेळ त्याच्याजवळ उभा राहिला आणि डागलेलं कपाळ त्याने जिभेने चाटलं.

आणि फॉक्स? ब्रिस्टलच्या महिनाभर आधी नेलर एक्झिटरच्या तुरुंगात होता. फॉक्स नुकताच सुटलेला, त्याला भेटायला गेला. दोघांत आधीच फाटलं होतं. फॉक्सला त्याच्याभोवतीची माणसं आणि ती पूजा पसंत नव्हती. नेलर पुढे झाला, चुंबन घेऊन मिटवायला. फॉक्स म्हणाला, "हा माझा पाय."

ज्याने उभ्या इंग्लंडला सांगितलं की माणसाने माणसापुढे डोकं उघडं करू नये, त्याने आपल्या सोबत्यापुढे चुंबायला पाय केला. हे वाक्य वाचून मी खुर्चीतून उठले आणि चहा टाकला. दुसरं काही सुचेना.

फॉक्सने आपली हकिकत १६७०च्या दशकात सांगून लिहवली, बरीचशी मार्गारेटच्या जावयाकडून. त्या हस्तलिखितात हे पायाचं वाक्य आहे. म्हणजे वीस वर्षांनीही त्याला ते लपवावंसं वाटलं नव्हतं. पण १६९१ साली तो गेला आणि १६९४ साली त्याची रोजनिशी म्हणून जे पुस्तक छापून निघालं, त्यात तुम्ही पाय शोधलात तर सापडणार नाही. तिथे फॉक्स म्हणतो की हा देवाच्या सामर्थ्याविरुद्ध गेला होता म्हणून त्याचा हा स्नेहाचा देखावा मला स्वीकारता आला नाही.

वाक्य काय सफाईदार आहे! अशी वाक्यं कशी तयार होतात ते मला ठाऊक आहे. हे केलं थॉमस एलवुडने. होय, तोच, कानटोपीवाला. मधल्या काळात तो तुरुंगात जाऊन आला होता, आंधळा कवी मिल्टन याला दुपारी लॅटिन वाचून दाखवत होता, लंडनात प्लेग आला तेव्हा मिल्टनसाठी त्याने खेड्यात घर पाहून दिलं होतं. मिल्टनने महाकाव्याची वही वाचायला दिली, तर हा परत देताना म्हणाला की हरवलेल्या स्वर्गाबद्दल तू पुष्कळ सांगितलंस, सापडलेल्या स्वर्गाबद्दल काय? आणि इंग्रजीतल्या एवढ्या मोठ्या कवीलाही हे एकवचनातच. असा निर्भीड वाचक. फॉक्सची रोजनिशी हातात आल्यावर मात्र त्याने खडे वेचले. चमत्कारांच्या कितीतरी गोष्टी काढल्या, धारदार वाक्यं घासली. मूळ हस्तलिखित जसंच्या तसं छापून यायला १९११ साल उजाडलं.

त्याचा एकट्याचा हा स्वभाव नव्हता. नेलर प्रकरणाने पोळलेल्या आणि राजाच्या कायद्यांनी पिचलेल्या मंडळींनी १६७३ साली लंडनमध्ये एक सकाळची सभा बसवली. दर 'दुसऱ्या दिवशी', म्हणजे सोमवारी, जमायचं आणि पंथातल्या कुणाचंही लिखाण छापण्याआधी तपासायचं. त्यांनी ठरवलं की आपल्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती जपायच्या आणि विरोधकांच्या प्रत्येक पुस्तकाची एक. त्यांच्या या शिस्तीपुढे मी हात जोडते. विरोधकाचं पुस्तक जपणारे लोक कुठल्याही काळात थोडेच. पण 'तू काय सांगशील' या प्रश्नावर उभं राहिलेल्या लोकांनी वीस वर्षांत 'आधी आम्हाला दाखव' हेही म्हणायला सुरुवात केली. एकदा त्या सभेने खुद्द फॉक्सचाच कागद अडवला, तेव्हा तो भडकला: माझे कागद अडवायला ही सभा मी नव्हती काढली. मला यात फॉक्सची मजाही वाटते आणि त्या सोमवारच्या मंडळींची कीवही येते. संस्थापकाचं हस्तलिखित समोर, आणि कुणीतरी धीर करून म्हणायचं, हे जरा…

साधेपणाचंही पुढे तेच झालं. 'तू' ही बरोबरीची हाक होती ती आतल्या माणसांची खूण बनली, कपड्यांचे रंग ठरले. ८६ वर्षांच्या मार्गारेट फेलने १७०० साली चिडून लिहिलं की सगळ्यांनी एकच पोशाख आणि एकच रंग घालायचा, ही कसली खुळी, दरिद्री सुवार्ता! बाहेरच्या जगात दरम्यान उलटंच घडलं. इंग्रजांनी 'तू' टाकून दिलं आणि राजापासून चाकरापर्यंत सगळे 'तुम्ही' झाले.

नेलर १६५९च्या सप्टेंबरात सुटला, फॉक्सशी कसाबसा समेट झाला, आणि पुढच्या वर्षी घराकडे चालत निघाला असता वाटेत कुणी लुटून बांधून टाकलं, त्यातच गेला. मरण्याआधी दोनेक तास तो जे बोलला ते लिहून घेतलेलं आहे. "एक आत्मा मला जाणवतो. वाईट करण्यात किंवा कुठल्याही अन्यायाचा सूड घेण्यात त्याला आनंद नाही. सगळं सोसण्यात आहे." आणि शेवटाकडे: "तो मला एकट्याला सापडला, टाकून दिलेला असताना." या वाक्यावर कुणाच्या पेन्सिलीची खूण दिसत नाही. त्याच्या लेखनाचा संग्रह मात्र थेट १७१६ साली निघाला, व्हाइटहेडच्या हातून, तोही वेचून.

एलवुडची आणखी एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. ज्या सभेने त्याचं डोकं फिरलं, त्या घरी १६५९च्या अखेरीस बरो होता, आणि नेलरही. एलवुडच्या बापाने पूर्वनियतीवरून, म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय या मतावरून, वाद काढला, आणि नेलरने त्याला इतक्या शांतपणे उत्तर दिलं की एलवुड लिहितो, हा माणूस दिसायला साधा खेडवळ, शेतकरी नाहीतर मेंढपाळ वाटावा असा, म्हणूनच त्याचं बोलणं मला जास्त लागलं. जिभेला भोक पाडून तेव्हा तीन वर्षं होत आली होती.

मग पाय काढून टाकला तो कुणासाठी? फॉक्सची लाज राखायला, की नेलरची? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिलाय. एलवुडने आपल्या बापाने घातलेले गुद्दे नाही गाळले.

माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांचं आत्मकथन आलं होतं. फुलस्केप कागदांवर निळ्या शाईत, एका बाजूला. त्यात वाटणीच्या भांडणानंतरचा एक परिच्छेद होता. 'दादा दारात आला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं. म्हटलं, उंबरा ओलांडू नकोस.' थोरला भाऊ त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठा, वडिलांच्या जागी. बाकी सगळ्या पुस्तकात त्याच्याशी 'तुम्ही'नेच बोललेलं. मी त्याचं केलं: 'त्या प्रसंगानंतर आम्हा बंधूंमध्ये काहीसा दुरावा निर्माण झाला.' मुद्रितं गेली. त्यांनी त्या पानावर काही खूण केली नाही, शेवटी सही केली. पुस्तक निघालं, पन्नासेक माणसांच्या सभागृहात प्रकाशन झालं, पेढे वाटले. गेल्या वर्षी ते गेले.

एलवुडचं वाक्य वाचल्यावर मी माळ्यावरून ती फुलस्केपची पिशवी काढली. ओळीवर माझी पेन्सिल होती, खालचं सगळं वाचता येत होतं. योगायोगाने त्याच महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, दुसरी आवृत्ती काढायची आहे, काही बदल सुचतात का? मी ते पान मोबाईलवर फोटो काढून पाठवलं आणि लिहिलं, हे बाबांचं मूळ वाक्य, मी बदललं होतं, परत घालूया.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी निरोप: 'मॅडम, थोरले काका अजून आहेत. ९२ वर्षांचे. भिंग घेऊन बाबांचं पुस्तक वाचत असतात. त्यांना विचारल्याशिवाय नको.'

मी लिहिलं, विचारा.

रविवारी सकाळी पुन्हा फोन वाजला. सासरे ओट्स खात होते, मुलगी त्यांच्याशेजारी बसून काहीतरी खोडत होती. "काकांना वाचून दाखवलं," तो म्हणाला. "घाला म्हणाले. उंबऱ्याचं खरं आहे, अरे-तुरेचंही खरं आहे. पण पाणी विचारलं होतं म्हणाले त्याने. मीच घेतलं नाही."